वाटीचा दोष की मांडीचा?
शल्यविशारद सेझार रू यांचे नाव आज घेतले जाते ते पोटाच्या शस्त्रक्रियेमुळे. आतड्याला इंग्रजी ‘वाय’सारखा जोड देण्याची त्यांची पद्धत लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत अजूनही वापरतात. त्याआधी त्यांनी गुडघ्याच्या वाटीवर केलेले काम मात्र अस्थिरोगतज्ज्ञांपुरतेच उरले आहे.

रू यांचा जन्म १८५७ चा, स्वित्झर्लंडमधला. बर्नला थिओडोर कोखर यांच्या हाताखाली ते शिकले आणि लोझानला स्थिरावले. वाटी वारंवार बाहेरच्या बाजूला निसटण्याच्या विकारावरील शस्त्रक्रिया त्यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केली. हा विकार जीवघेणा नाही, पण माणसाचा पायावरचा विश्वास उडवतो. जिना उतरताना, नुसते वळतानाही गुडघा दगा देतो.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते. वाटी तिच्यातून वरखाली सरकते. वाटीखालची जाड कंडरा नडगीच्या हाडाला चिकटलेली असते. रू यांनी बाहेरचे ताठर पडदे सैल केले, आतले आवळले आणि कंडरेचे नडगीवरचे टोक आतल्या बाजूला सरकवले. ओढ सरळ झाली की वाटी जागेवर राहील, हा हिशेब. तो बऱ्याच अंशी बरोबरही होता. पुढे गोल्डथ्वेट, एल्म्सली, त्रिया यांनी त्यात सुधारणा केल्या.

पण खाच तर मांडीच्या हाडाची! ते हाडच आत पिळलेले असेल, तर खाच आत वळते आणि वाटी बाहेर पडते. जन्मतः हा पीळ सुमारे ४० अंश असतो, मोठेपणी १५ च्या आसपास येतो. काहींचा उतरतच नाही. चालताना त्यांच्या दोन्ही वाट्या एकमेकींकडे पाहतात. रू यांना तो मोजता येणे शक्य नव्हते. क्ष-किरणांचाच शोध १८९५ चा, सीटी स्कॅन तर १९७० च्या दशकातला.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या एमआरआय अभ्यासात, पायावर भार असताना वाटी फारशी हलत नाही, तिच्याखालचे मांडीचे हाडच आत फिरते, असे दिसले. म्हणून आता दुखऱ्या वाटीसाठी खुब्याच्या स्नायूंचेही व्यायाम देतात. वाटी सतत निसटत असेल आणि हाडाचाच पीळ फार असेल, तर ते कापून फिरवावे लागते.

रू १९३४ मध्ये वारले. कंडरेचे टोक सरकवण्याची शस्त्रक्रिया आजही होते, मात्र वाढ पूर्ण न झालेल्या मुलांत हाडासकट ते हलवणे टाळतात. आणि पिळाची शंका असेल, तर आधी खुब्यापासून घोट्यापर्यंत सीटी स्कॅन काढतात.