बंदुकीच्या नळीतून आलेला मृत्यू

अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला म्हटला की चांदबीबी आठवते. मला मात्र १६०० साली तो जिंकणाऱ्या शाहजाद्याचे कुतूहल अधिक वाटते. अकबराचा धाकटा मुलगा दानियाल याने खानखानान अब्दुर्रहीमच्या साथीने हा किल्ला घेतला. त्याआधी या किल्ल्याला वेढा घालणारा त्याचा भाऊ मुराद १५९९ मध्ये दख्खनमध्येच दारूपायी गेला होता.

दानियाल १५७२ साली अजमेरला जन्मला. हत्ती, घोडे, शिकार यांचा तो शौकीन. हिंदीत कविताही करी. खानदेशाला त्याच्या नावावरून 'दानदेश' म्हटले गेले. १६०४ मध्ये विजापूरच्या राजकन्येशी पैठणजवळ गोदाकाठी त्याचे लग्न लागले. प्याला मात्र सुटला नाही. बापाने फर्माने धाडली, सासरा असलेल्या खानखानानाने पहारे बसवले. तेव्हा हा सेनापती नोकरांपुढे रडू लागला, विनवू लागला. अखेर शिकारीच्या आवडत्या बंदुकीच्या नळीत भरून कडक दारू आत आली. नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा अंश तीत उतरला होता. १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

ही हकिगत थोरला भाऊ जहांगीर याने आपल्या आठवणींत नोंदवली आहे. तो स्वतः दिवसाला वीस प्याले रिचवी. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने ओठांना लावावा लागे. हकीम हुमामने त्याला मरणाची स्पष्ट जाणीव दिली. मग सात वर्षांत हळूहळू तो सहा प्याल्यांवर आला. अफू काही सुटली नाही, पण १६२७ पर्यंत जगला.

एकाला पहारा मिळाला, दुसऱ्याला वैद्य. मला वाटते, फरक एवढाच होता.

आज प्याल्याच्या जागी गोळ्यांची पाकिटे आहेत. कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी दिलेली ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय गोळी पुढे दुखण्याविनाही हवीशी होते. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, पहारा हवाच. पण गोळी एकदम तोडली की अंग मोडून येते, झोप उडते, जुलाब लागतात, आणि माणूस पुन्हा गोळीकडे धावतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवत नेणे, गरज पडल्यास ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध आणि पुढे दीर्घकाळ सोबत, हा खरा उपचार. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानत आले आहे. घरात कुणी असा अडकला असेल, तर कपाटाला कुलूप लावाच. पण त्याआधी त्याला वैद्याकडे न्या.