माणसे घडविणारा संस्थापक : नामदार गोखले

धार आणि देवास येथे पवारांच्या राज्यांबरोबर मराठी कुटुंबे स्थायिक झाली आणि मराठी भाषा माळव्यात रुजली. अशा ठिकाणी एखादे वाचनालय वा मंडळ बंद पडले, की पैसा संपला असे लोक म्हणतात. परंतु पुष्कळदा पैशाच्या आधी माणसे संपलेली असतात. सार्वजनिक कार्यासाठी माणसे कशी निवडावी, कशी घडवावी आणि कशी टिकवावी, याचा ज्यांनी खोल विचार केला, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावास धाडू लागले. त्या बळावर गोपाळराव १८८४ साली बी. ए. झाले.

पुढे ते पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक व आजीव सभासद झाले. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे तेथील व्रत होते. पण आजीव सभासदाने बाहेरची कामे आणि कमाई करावी की नाही, यावरून वाद पेटला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, हेही त्यास निमित्त झाले; आणि १८९० साली लोकमान्य टिळक सोसायटीतून बाहेर पडले. दोघेही निःस्वार्थी, तरी एकत्र राहू शकले नाहीत! नुसता त्याग पुरेसा नसतो, नियमही आधीच स्पष्ट असावे लागतात, असा बोध आम्हास या प्रसंगातून होतो.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. येथे प्रवेश सोपा नव्हता. नव्या सभासदास पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. त्यांतील काही काळ अभ्यासात आणि काही काळ देश पाहण्यात जाई. स्वतःसाठी पैसा मिळवू नये, कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये, अशा प्रतिज्ञा त्यास घ्याव्या लागत. त्याच्या व कुटुंबाच्या निर्वाहाची बेताची तरतूद मात्र समाज करी. सेवकाच्या घरी चूल पेटली पाहिजे, हे गोखले विसरले नाहीत.

मद्रासकडील मुख्याध्यापक श्रीनिवास शास्त्री १९०७ साली समाजात आले. १९१४ साली अमृतलाल ठक्कर मुंबई नगरपालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून आले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. खरी परीक्षा आता होती. गांधीजींनी समाजात यावे, ही गोखल्यांची इच्छा होती. पण सभासदांत एकमत होईना. तेव्हा गांधीजींनी आपण होऊन अर्ज मागे घेतला आणि स्नेह अबाधित राखला. शास्त्री अध्यक्ष झाले व कार्य चालू राहिले.

धारहून पश्चिमेस झाबुआ ओलांडले की दाहोद लागते. तेथे १९२२ साली ठक्करबापांनी भिल्ल सेवा मंडळ स्थापून भिल्ल बांधवांच्या सेवेस वाहून घेतले. गोखल्यांनी निवडलेला माणूस असा आपल्या शेजारापर्यंत येऊन पोहोचला होता.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्हीही संस्था चालवाल. इमारतीचा पाया खोल घेताना माणसांचाही पाया खोल घ्या.