उसाच्या मळ्यातील फ्लॉरेन्सबाई

मॉरिशसचा ऊस वाढला तो आमच्या खापरपणजोबांच्या घामावर. कोकणातून गिरमिटावर आलेल्या त्या माणसांच्या कहाण्या आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण हिंदी महासागराच्या पलीकडे, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातही उसासाठी अशीच माणसे आणली गेली, हे आमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १८६३ ते १९०४ या काळात सॉलोमन, न्यू हेब्रिडीज (आजचे वनुआतू) वगैरे बेटांवरील लोकांचे सुमारे ६२ हजार करार झाले. कोणी राजीखुशीने आले, कोणाला फसवून, तर कोणाला चक्क पळवून आणले. गोरे मळेवाले त्यांना कनाका म्हणत. त्यांच्या वंशजांपैकी अनेकांना आज हा शब्द अपमानाचा वाटतो. या मजुरांसाठी जिने आयुष्य वेचले, त्या फ्लॉरेन्स यंग यांची ही हकीकत.

बाईंचा जन्म १८५६ साली न्यूझीलंडमधील मोटुएका येथे झाला. घराणे ब्रदरन पंथाचे. या पंथात दीक्षित पाद्री नसतो. देवाची हाक ज्याला ऐकू येईल त्याने कामाला लागावे, अशी तेथील समजूत. आईवडील वारल्यावर त्या सिडनीला आल्या आणि १८८२ साली बंडाबर्गजवळच्या फेअरीमीड मळ्यावर गेल्या. मळा त्यांच्या सख्ख्या भावांचा. म्हणजे शिकवायचे ते आपल्याच घरच्या मजुरांना!

सुरुवातीला मोजकेच लोक आले. पुढे रविवारी ८० जण आणि रोज संध्याकाळी ४० जण जमू लागले. दिवसभर उसात राबून रात्री शिकायला बसणारी ती माणसे डोळ्यांपुढे आणली, की आम्हाला आमच्या कोठीवरच्या बैठका आठवतात. प्रत्येक बेटाची बोली निराळी. तेव्हा बाईंनी मळ्यावरची मोडकीतोडकी इंग्रजीच धरली, चित्रे दाखवली, आणि बायबलातील वचने पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. १८८६ साली त्यांनी क्वीन्सलँड कनाका मिशन काढले. पैशासाठी कोणापुढे हात पसरायचा नाही, आपणहून येईल त्यावर चालवायचे, हा त्यांचा नेम. १९०४-०५ च्या सुमारास १९ मिशनरी होते. पण खरा भार वाहत होते ते मजुरांतूनच तयार झालेले ११८ बिनपगारी शिक्षक.

मधली काही वर्षे त्या चीनमध्ये होत्या. १९०० च्या बॉक्सर बंडात तेथून निघावे लागले.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. आधी आत्म्याचा उद्धार, शिक्षण मागाहून, असा त्यांचा क्रम होता. करार, मजुरी, मुकादमाचा जाच हे त्यांच्या मिशनचे विषय नव्हते. गिरमिटियांच्या नातवंडांना हे कसे विसरता येईल?

आणि तरीही पुढची गोष्ट सांगायलाच हवी. १९०१ साली ऑस्ट्रेलियाने कायदा केला, की या लोकांना आता परत पाठवायचे. मळे उभे राहिले होते, माणसे नकोशी झाली होती. मिशन तिथेच गुंडाळता आले असते. पण पीटर अंबुओफा नावाचा त्यांचा एक विद्यार्थी १८९४ सालीच मलाइता बेटावर परतला होता. नव्या धर्मामुळे स्वजनांनी त्याला दूर लोटले. तरी हळूहळू त्याच्याभोवती लहानशी वस्ती जमली, आणि तो क्वीन्सलँडकडे मदत मागत राहिला. बाहेरच्या माणसाने मलाइतावर पाय ठेवायला बिचकावे, असे ते दिवस होते. १९०४ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, बाई सोबत्यांना घेऊन तेथे गेल्या.

१९०७ साली मिशनला साउथ सी इव्हँजेलिकल मिशन हे नाव मिळाले. बाई १९२६ पर्यंत बेटांवर जात राहिल्या आणि १९४० साली सिडनीत वारल्या. त्या मिशनमधून उभे राहिलेले चर्च आज सॉलोमन बेटांतील मोठ्या चर्चांपैकी एक आहे आणि ते तिथलेच लोक चालवतात.