फ्रांस्वा लेगा आणि रॉड्रिग्जचा एकांडा पक्षी

मॉरिशसचा डोडो साऱ्या जगाला ठाऊक आहे. रॉड्रिग्ज बेटावरचा त्याचा भाऊबंद मात्र थोड्यांनाच माहीत असतो. या पक्ष्याची तपशीलवार ओळख प्रथम करून दिली ती फ्रांस्वा लेगा या फ्रेंच गृहस्थाने.

लेगा यांचा जन्म १६३७ च्या सुमारास फ्रान्समधील ब्रेस प्रांतात झाला. ते प्रॉटेस्टंट होते. १६८५ साली चौदाव्या लुई राजाने त्या पंथाचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि हजारो कुटुंबे परागंदा झाली. लेगाही हॉलंडला गेले. तेथून नव्या वसाहतीच्या आशेने निघालेल्या जहाजाने १६९१ साली त्यांना व त्यांच्या सात सोबत्यांना निर्जन रॉड्रिग्जवर उतरवले. लेगांची तेव्हा पन्नाशी उलटली होती.

उत्तर किनाऱ्यावर, आजच्या पोर्ट माथुरिनच्या परिसरात, त्यांनी झोपड्या बांधल्या. रानात त्यांना एक मोठा, न उडणारा पक्षी दिसला. तो क्वचितच थव्याने दिसे, म्हणून त्याला सॉलिटेअर, म्हणजे एकांडा, असे नाव मिळाले. पोटासाठी या मंडळींनी तो मारून खाल्लाही; पण लेगांनी त्याचे निरीक्षणही बारकाईने केले. नराचे वजन ४५ पौंडांपर्यंत, ताडाच्या पानांच्या ढिगावर घरटे, त्यात एकच अंडे, ते नरमादी पाळीपाळीने उबवतात, पोटात एक दगड असतो आणि पंखाच्या टोकाशी बंदुकीच्या गोळीसारखी हाडाची गाठ असते, असे सारे त्यांनी नोंदले.

दोन वर्षांनी स्वतः बांधलेल्या होडीतून ही मंडळी मॉरिशसला आली. तेथील डच गव्हर्नरने त्यांना ग्राँ पोरसमोरच्या एका लहानशा बेटावर कैदेत टाकले. पुढे बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, त्यांची सुटका झाली. १६९८ साली लेगा युरोपात परतले व इंग्लंडला स्थायिक झाले. १७०८ सालच्या त्यांच्या प्रवासग्रंथात या पक्ष्याचे चित्रही आहे. १७३५ साली लंडनमध्ये ते वारले.

पुढे शिकारीमुळे व माणसाने आणलेल्या मांजरांमुळे अठराव्या शतकातच तो पक्षी नामशेष झाला. मग लेगांची हकीकत कल्पित आहे, अशी शंका काहींनी घेतली. पण १८६४ साली मॉरिशसमधील अधिकारी एडवर्ड न्यूटन यांनी रॉड्रिग्जच्या गुहांत हाडे शोधली. त्यानंतरच्या काही वर्षांत पुष्कळ सांगाडे मिळाले, आणि पंखाच्या हाडावर ती गाठ लेगांनी सांगितली होती तशीच निघाली!

२००७ पासून रॉड्रिग्जच्या नैर्ऋत्य भागात लेगांच्या नावाचे राखीव उद्यान आहे. तेथे कासवे पाळली जातात व देशी झाडे पुन्हा लावली जातात. एकांडा पक्षी काही परत येणार नाही. पण एका निर्वासिताने पाहिले तसे लिहून ठेवले, म्हणून तो कसा जगत होता हे आपल्या मुलाबाळांना आजही सांगता येते. रॉड्रिग्जला जाल तेव्हा हे उद्यान जरूर पाहावे.