कविवर लुईश द कामोंइश

डहाणूचा किल्ला आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. १७३९ सालीं मराठ्यांनीं तो घेतला. त्यापूर्वीं या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या लढाया शाळेंत शिकविल्या जातात. त्यांच्या श्रेष्ठ कवीचें नांव मात्र क्वचितच कानीं येतें. त्याची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कामोंइशाचा जन्म सुमारें १५२४ सालीं झाला. तरुणपणीं आफ्रिकेंत सेउता येथें शिपाईगिरी करितांना त्याचा उजवा डोळा गेला. पुढें लिस्बन येथें दंग्यांत एका राजसेवकास जखमी केल्यामुळें त्यास तुरुंगवास घडला. १५५३ सालीं क्षमा मिळून तो साधा सैनिक म्हणून गोव्यास आला. पूर्वेकडे बहुत वर्षें काढून १५७० सालीं तो मायदेशीं परतला. १५७२ सालीं वास्को द गामाच्या सफरीवरील त्याचें ‘उश लुझीआदश’ हें दहा सर्गांचें महाकाव्य प्रसिद्ध झालें. अल्पशा वर्षासनावर दिवस कंठीत १० जून १५८० रोजीं तो निवर्तला.

त्याच्या भावकवितांचा संग्रह मृत्यूनंतर, १५९५ सालीं निघाला. त्याच्या भावकवितांपैकीं एक बार्बरा नांवाच्या दासीवर आहे. तिच्यावर हिंदुस्थानांत कवीचें प्रेम जडलें होतें, असें शिरोलेख सांगतो. कवितेचीं पांच कडवीं असून प्रत्येकांत आठ चरण आहेत. चरण अवघा पांच अक्षरांचा. मात्र पोर्तुगीज कवि शेवटच्या आघातयुक्त अक्षरापर्यंतच मोजतात, पुढचें अक्षर हिशेबांत धरीत नाहींत. पहिल्या चरणाचें यमक चौथ्याशीं, दुसऱ्याचें तिसऱ्याशीं. पुढील चार चरणांत नव्या यमकांनीं तीच रचना. आपल्या ओवींत पहिले तीन चरण यमकानें जुळतात व चौथा मोकळा सुटतो. येथें बाहेरचें यमक आंतल्यास कोंडून धरतें, आणि बंदिवासाच्या कवितेस तें शोभतें.

पुनरुक्तीचें काम याहून सूक्ष्म आहे. बंदिवान या अर्थाच्या एकाच शब्दाचें स्त्रीलिंगी रूप दासीस व पुल्लिंगी रूप कवीस लाविलें आहे. केवळ अंत्य स्वर बदलतो आणि धनी कोण, दास कोण, हें उलटें होतें. आरंभींचे चरण शेवटीं पुन्हा येतात. परंतु प्रथम ज्या प्रीतीमुळें जगणें अशक्य भासलें, तिच्यामुळेंच अखेरीस जगणें भाग पडतें. युरोपांतील कवि सोनेरी केसांचे गोडवे गात असतां यानें काळ्या केसांस व काळ्या डोळ्यांस मान दिला. बार्बरा या नांवांत रानटी असा अर्थ दडलेला आहे. ती परकी दिसली तरी रानटी नव्हे, असें तो बजावतो.

तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. त्या काळीं गोव्यांत माणसांची खरेदी-विक्री होत असे, आणि या चाळीस चरणांत बार्बरेचा स्वतःचा एकही शब्द नाहीं. विद्यार्थ्यांनीं कविता वाचतांना अक्षरें व यमकें अवश्य मोजावीं. परंतु तींत कोण बोलतो आणि कोणास बोलूं दिलेलें नाहीं, हेंही पाहावें.