मजूरमंत्री बाबासाहेब आणि श्रमिक माता

आपल्या परिसराशी बाबासाहेबांचे नाते जिव्हाळ्याचे आहे. बेगडेवाडीला लागूनच असलेल्या देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. लोणावळ्याच्या दिशेला, तळेगाव दाभाडे येथे त्यांचे वास्तव्य राहिलेला बंगला आहे. संविधानाचे शिल्पकार व धम्मक्रांतीचे प्रणेते म्हणून त्यांचे चरित्र आपल्या वसतिगृहातील मुलांना मुखोद्गत असते. मात्र १९४२ ते १९४६ या चार वर्षांचा उल्लेख आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतो. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला ते खटकत आले आहे.

भीमराव हे सुभेदार रामजी व भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला आणि ते पाच-सहा वर्षांचे असतानाच भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना वाढविले. पुढे रमाईंच्या पोटी पाच अपत्ये जन्मली. त्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. वारंवारची बाळंतपणे, अपुरे अन्न आणि विश्रांतीचा अभाव स्त्रीच्या देहाचे काय करतात, हे या माणसाने आधी घरात पाहिले होते आणि नंतर अहवालांत वाचले. परळच्या बी.आय.टी. चाळीतील त्यांच्या अवतीभवती गिरणी कामगारांचीच बिऱ्हाडे होती.

१९२७ पासून ते मुंबई कायदे मंडळाचे नियुक्त सदस्य होते. जुलै १९२८ मध्ये, मुंबईतील गिरण्यांचा मोठा संप चालू असतानाच, कामगार स्त्रियांना प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर भरपगारी विश्रांती देणारे विधेयक मंडळापुढे आले. हा खर्च मालकाने का सोसावा, हा आक्षेप होताच. बाबासाहेबांनी अर्थशास्त्रज्ञाला शोभेल असे उत्तर दिले. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित असल्याने त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. परंतु काही कामांवर पुरुषाऐवजी स्त्री नेमण्यात मालकाला अधिक फायदा दिसतो म्हणूनच तो तिला नेमतो. तेव्हा त्या फायद्यापुरती जबाबदारीही त्याचीच, हा त्यांचा युक्तिवाद होता. येथे दयेची याचना नाही, हिशेब आहे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातील अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा.

जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया जमल्या होत्या. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची सूत्रे हाती घेतली. खाणीतील स्त्रियांसाठी १९४१ चा प्रसूती लाभ कायदा होता. त्यात दिवसाला आठ आणे याप्रमाणे आठ आठवड्यांचा लाभ ठेवलेला होता. पण प्रसूतीपूर्वीच्या चार आठवड्यांविषयी त्याची शब्दरचना संदिग्ध होती. १९४३ मध्ये त्यांनी दुरुस्ती मांडून ती संदिग्धता दूर केली.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळून पुढे जाणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही. कोळसा खाणीत स्त्रियांनी जमिनीखाली काम करण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. महायुद्धात लष्करी बांधकामांवर अधिक मजुरी मिळू लागली, तेव्हा खाणीतील मजूर तिकडे गेले आणि कोळशाचा तुटवडा पडला. १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठविली आणि मजूरमंत्री म्हणून त्या निर्णयाचे उत्तरदायित्व बाबासाहेबांवर आले. अखिल भारतीय महिला परिषदेने विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदे मंडळात सरकारला धारेवर धरण्यात आले. निर्णय नाइलाजाचा व तात्पुरता आहे, हे त्यांनी लपविले नाही. मात्र स्त्रीला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, ही अट त्यांनी सभागृहात पुढे ठेवली. तत्पूर्वी, डिसेंबर १९४३ मध्ये, ते झरियाच्या कोळसा पट्ट्यात जाऊन प्रत्यक्ष खाणीत उतरले होते. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, आपल्या हातून घ्याव्या लागलेल्या निर्णयाची किंमत कोण मोजणार आहे, हे पाहावयास हा मंत्री स्वतः खाली उतरला.

त्याच काळात कोळसा खाण मजुरांसाठी कल्याण निधी उभारला गेला, खाणींवर पाळणाघरांची तरतूद आली आणि कारखान्यांतील कामगारांना भरपगारी रजा मिळाली. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच १९४६ मध्ये मांडले. घरी परतून चूल पेटविणाऱ्या स्त्रीला हे सहा तास म्हणजे काय, ते निराळे सांगावयास नको.

पुढचा भाग परिचित आहे. समान कामासाठी समान वेतन संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात आले. कामाची मानवोचित परिस्थिती व प्रसूती साहाय्य ४२ व्या अनुच्छेदात. हिंदू कोड बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. संपूर्ण देशासाठीचा प्रसूती लाभ कायदा १९६१ चा, समान मोबदल्याचा १९७६ चा. दोन्ही त्यांना पाहावयास मिळाले नाहीत.

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. आपल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक माता सकाळची लोकल पकडून कारखान्यांत कंत्राटी कामावर जातात. पालकसभेत मी या तरतुदींविषयी विचारले, तेव्हा बहुतेकींनी पाळणाघराबद्दल प्रथमच ऐकले होते. एकीने मात्र कायद्याचे नाव कागदावर लिहून मागितले. ते लिहून दिल्यावर तिने विचारले, हे बाबासाहेबांच्या वेळेपासून आहे का? त्या दिवशी तिला धावतपळत दिलेले उत्तर येथे सविस्तर लिहिले आहे.