बिशप बार्तोलोमे दे लास कासास : मूळ रहिवाशांचे कैवारी

इ. स. १४८४ च्या सुमारास स्पेनमधील सेव्हिल नगरात एका व्यापाऱ्याच्या घरी बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म झाला. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत त्यांचे वडील सहभागी झाले होते. १५०२ साली बार्तोलोमे स्वतः कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर गेले. तेथील मूळ रहिवासी स्पॅनिश वसाहतवाल्यांना राबण्यासाठी वाटून दिले जात. त्यांना ख्रिस्ती धर्माची शिकवण द्यावी, अशी अट होती; प्रत्यक्षात सोन्याच्या खाणींतील कष्टांनी व साथींनी त्यांचा संहार चालला होता.

१५११ साली आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी डॉमिनिकन संघाचे फादर आंतोनिओ दे मोंतेसिनोस यांनी प्रवचनातून या जुलमाचा जाहीर निषेध केला. वसाहतवाले खवळले. क्युबाच्या मोहिमेत धर्मगुरू म्हणून गेलेल्या बार्तोलोमे यांनी निःशस्त्र लोकांची कत्तल डोळ्यांनी पाहिली. तरीही वाट्याला आलेले वेठबिगार त्यांनी स्वीकारले.

१५१४ साली पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना बेन सिराच्या पुस्तकातील ३४ वा अध्याय त्यांच्या वाचनात आला. अन्यायाने मिळविलेले अर्पण देवाला मान्य नसते आणि गरिबाची भाकर हिरावणे म्हणजे त्याची हत्याच होय, ही शिकवण त्यांच्या अंतःकरणाला भिडली. त्यांनी आपल्या वेठबिगारांना मुक्त केले आणि स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या प्रवचनात तसे जाहीरही केले. पुढच्याच वर्षी ते राजदरबारी दाद मागण्यासाठी स्पेनला परतले.

या लढ्यात त्यांच्या हातून एक गंभीर प्रमाद घडला. मूळ रहिवाशांचे हाल थांबावेत म्हणून आफ्रिकेतील गुलाम आणण्याची सूचना त्यांनी केली. तोही तितकाच घोर अन्याय आहे, हे पुढे उमगल्यावर त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात तीव्र पश्चात्ताप नोंदविला.

१५२२ साली त्यांनी डॉमिनिकन संघात प्रवेश केला. १५३७ साली पोप पौल तिसरे यांनी मूळ रहिवाशांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावू नये, असे घोषित केले. १५४२ साली सम्राट पाचवा चार्ल्स याने त्यांना गुलाम करण्यास बंदी घालणारे नवे कायदे केले. त्यामागे लास कासास यांचे अथक प्रयत्न होते. मात्र वसाहतवाल्यांच्या विरोधामुळे त्यांतील महत्त्वाचे कलम १५४५ मध्ये मागे घेण्यात आले.

मेक्सिकोतील चियापासचे बिशप झाल्यावर, गुलामांना मुक्त न करणाऱ्यांना पापक्षमा देऊ नये, असा आदेश त्यांनी धर्मगुरूंना दिला. त्यांच्याच भाविकांनी बंड केले आणि त्यांना स्पेनला परतावे लागले. १५५० - ५१ मध्ये वायादोलिद येथे विद्वान सेपुलवेदा यांच्या युद्धसमर्थनाचे त्यांनी खंडन केले. परीक्षकांनी अधिकृत निर्णय दिला नाही. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

लास कासास यांचा संघर्ष परधर्मीयांशी नव्हता. तो रविवारी मिस्साला येणाऱ्या स्वकीयांशी होता. वेदीवर अर्पण ठेवताना ते कोणाच्या घामातून आले, हा त्यांचा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.